ग्रुप डिस्कशनला अध्यक्ष हवा

तमाम नोकरी देणारे, नोकरी मागणारे आणि मंगल कार्यालयं चालवणारे यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की खाली सांगितलेली घटना माझ्या डोळ्यांदेखत घडलेली असून तिच्यातली मुख्य चूक माझी आहे. ती मी त्या कंपनीत असेपर्यंत दोघांखेरीज कुणाकडेही कबूल केली नाही. आता मी तिथे नाही, आणि ती कंपनीही त्या नावाने नाही. तेव्हा सर्वांनी सावरून बसावं.

तर, एक माजी राज्यमंत्री आमच्या रिसेप्शनवर बसले होते. सलग तिसरा दिवस होता.

रिसेप्शनच्या मुलीने इंटरकॉमवर सांगितलं, "मॅडम, ते आजोबा परत आलेत. आज त्यांनी व्हिजिटर रजिस्टर तपासलं. म्हणाले, चार जणांनी बाहेर गेल्याची वेळ लिहिलेली नाही, ते अजून आत आहेत का बघा."

मी त्या वेळी एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआर मॅनेजर होते. बाणेर रस्त्यावर काचेची इमारत, आत एसी, आणि बाहेर उभं राहून 'इथे नेमकं बनतं काय' असं विचारणारे शेजारच्या सोसायटीतले काका. ते दिवस भरभराटीचे होते. कंपन्या माणसं पोत्याने घेत होत्या. पण कुठलंही पोतं चालत नव्हतं. आमच्याकडे एक लिस्ट होती. लिस्टमध्ये अकरा कॉलेजं होती. दर वर्षी आम्ही त्या अकरा ठिकाणी जायचो, शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षा घ्यायचो आणि संध्याकाळी निवडलेल्यांच्या हातात पत्र ठेवून परत यायचो. याला कॅम्पस म्हणतात. मुलगा पदवीधर व्हायच्या आत नोकरीला लागतो आणि त्याचे आईवडील गल्लीत पेढे वाटतात.

बाराव्या कॉलेजाला लिस्टमध्ये येऊ न देणं, हे माझं काम होतं. ते मी फार मन लावून करायचे.

पहिले दोन दिवस मी त्या गृहस्थांना निरोप पाठवला की मॅडम मिटिंगमध्ये आहेत. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले, तर ते सोफ्याच्या कडेला ताठ बसून डबा खात होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. मला पाहताच डबा झाकून उभे राहिले.

"या बाई," ते म्हणाले. जणू मीच त्यांना भेटायला आले होते. "मी निवृत्तीराव वाळुंजकर. लोणी काळभोरच्या पुढं आत आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पहिली बॅच यंदा बाहेर पडतेय. तुम्ही परीक्षा घ्यायला या."

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. मला ऑफिसात मॅडम म्हणायची सवय होती. बाई म्हटल्यावर माझी पाठ आपोआप सरळ झाली.

मी माझं पाठ केलेलं उत्तर दिलं. यंदाचं वेळापत्रक भरलं आहे, पुढच्या वर्षी पाहू, आपण ईमेल पाठवा. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "पास करा असं मी म्हणत नाही. पेपर द्या. नापास झाली तर नापास."

तेवढ्यात आमचे आपटे साहेब तिथून गेले. आपटे डिलिव्हरी हेड होते, म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाला कबूल केलेलं काम कबूल केलेल्या दिवशी न गेल्यास शिव्या खाणारा माणूस. त्यांनी पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, थबकले आणि चक्क वाकून नमस्कार केला. आत आल्यावर मला म्हणाले, "अहो, हे मंत्री होते. राज्यमंत्री. तुम्ही त्यांना तीन दिवस बाहेर बसवून ठेवलंत? शाब्बास. माझी कधी हिंमत झाली नसती."

मी धावत परत गेले. विचारलं, आपण मंत्री होतात, तर कुणाकडून एक फोन करवला असतात तर आमच्या एमडींनीच गाडी पाठवली असती.

"फोनवर आलेली पोरं तुम्ही घ्याल," ते म्हणाले. "पण ठेवाल का?"

उत्तर नसलं की एचआरची माणसं तारीख देतात. मी जानेवारीतला एक शनिवार दिला.

जाण्याआधी त्यांनी वही काढली आणि परीक्षेत काय काय असतं ते विचारलं. मी सांगितलं. आधी लेखी परीक्षा, मग ग्रुप डिस्कशन, मग इंटरव्ह्यू. लेखी आणि इंटरव्ह्यू त्यांनी लिहून घेतलं. ग्रुप डिस्कशनपाशी पेन थांबलं. ते काय असतं?

आता इथे माझी चूक आहे. सर्वांनी नीट पाहून घ्यावी. माझं जेवण व्हायचं होतं, कॅन्टीनमधला भात संपत आला होता, आणि मी घाईत म्हणाले, "आठ-दहा जण एकत्र बसतात, एका विषयावर बोलतात."

"आणि निर्णय घेतात?"

"हो."

"म्हणजे सभा."

"हो, तसंच," मी म्हणाले आणि भाताच्या दिशेने निघाले.

त्या शनिवारी सकाळी आपटे साहेब आणि मी कंपनीच्या गाडीने निघालो. आपट्यांनी यायची तयारी दाखवली ती कुतूहलापोटी, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते सोलापूर रस्त्यावर मिसळ बरी मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. आमचा ड्रायव्हर शिंदे त्याच भागातला. त्याने हडपसरपासून पुढे गुरुजींचं चरित्र सुरू केलं. हो, गुरुजी. मंत्री झाले, पडले, अध्यक्ष झाले, तरी पंचक्रोशीत त्यांना साहेब कुणी म्हणत नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ते गणित शिकवायचे. रोज पहिल्या तासाला हजेरी. पोरगा सलग दोन दिवस गैरहजर राहिला की तिसऱ्या दिवशी गुरुजी त्याच्या घरी. बाप म्हणायचा ऊस तोडायला नेलाय, की गुरुजी उसाच्या फडात. अशाने गावोगावचे लोक त्यांना ओळखू लागले आणि एका निवडणुकीत कुणीतरी त्यांना उभं केलं. ते निवडून आले. आमदार म्हणून त्यांनी पाण्याच्या प्रश्नावर अधिकाऱ्यांची पहिली बैठक घेतली, तेव्हा आधी खिशातून कागद काढून हजेरी घेतली. कार्यकारी अभियंता गैरहजर निघाला. गुरुजींनी लाल पेनाने तसं लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने त्यांना चहा दिला. कालव्याला पाणी त्या आठवड्यात आलं.

"मग पडले कसे?" आपट्यांनी विचारलं.

शिंदे म्हणाला, "मंत्री झाल्याव पक्षाचा एक मोठा माणूस आला, म्हणला माझ्या पोराचे बोर्डातले मार्क वाढवून द्या. गुरुजी म्हणले, पेपर परत द्यायला सांगा, मी शिकवतो त्याला. पुढच्या टायमाला तिकीटच नाय दिलं. अपक्ष उभे राहिले अन् पडले."

त्यानंतर कॉलेज. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघायला लागली होती. ज्यांचे कारखाने होते त्यांनी काढली, ज्यांची दूधडेअरी होती त्यांनी काढली. गुरुजींकडे बाजार समितीचं एक रिकामं गोदाम होतं. पहिल्या वर्षाचे वर्ग त्या गोदामात भरले. पुढे लोकांनी वर्गणी दिली, इमारत झाली, मोठा हॉल झाला. मात्र आजूबाजूची मुलं इतकी वर्षं पुण्याकडे जात होती, ती या कॉलेजात आली ती केवळ गुरुजींच्या शब्दावर. त्यांनी प्रत्येक गावात जाऊन सांगितलं होतं, की पुण्याच्या कंपन्या इथे येतील.

"अन् नाय आल्या तर?" शिंदे स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देत होता. "तर मंगल कार्यालय."

झालं होतं असं. गुरुजींचा सख्खा पुतण्या संपतराव संस्थेचा सचिव होता. त्याचं म्हणणं, हायवेपासून दोन मिनिटांवर एवढा हॉल, एवढं पटांगण, पार्किंगला जागा, आणि त्यात आपण काय भरवतो तर कॉम्प्युटर. संस्थेच्या सभेत त्याने ठराव मांडला: मार्चअखेरपर्यंत पहिल्या बॅचला एकाही कंपनीने घेतलं नाही, तर कॉम्प्युटरची शाखा बंद करावी आणि हॉल व पटांगण लग्नकार्यासाठी द्यावं. ठराव बहुमताने मंजूर झाला. गुरुजी अध्यक्ष. ते विरोधात होते, पण बहुमत झालं म्हटल्यावर त्यांनी इतिवृत्तावर सही केली.

मला कॅन्टीनमधला भात आठवला.

कॉलेजच्या फाटकाशी संपतराव उभे होते. सफारी, गॉगल, अंगठ्या, आणि अतिशय गोड स्वभाव. त्यांनी आम्हाला हार घातले. हॉलमध्ये दोन माणसं टेप घेऊन भिंतीची मापं घेत होती. मला वाटलं बांधकाम चालू असेल. मी कौतुकाने विचारलंही, काय नवीन करताय? संपतराव म्हणाले, "बघू की, काय काय व्हतंय."

लेखी परीक्षेला पंचावन्न मुलं बसली. परीक्षेआधी गुरुजींनी हजेरी घेतली. पंचावन्न वेळा "हजर" ऐकलं. मग ते स्वतःहून बाहेर जाऊन आंब्याखालच्या बाकावर बसले आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. मालक परीक्षेच्या खोलीत लुडबूड करतात, हे आम्हाला नेहमीचं. एका कॉलेजच्या अध्यक्षांनी तर माझ्या हाती कागदावर नावंच दिली होती, फराळाच्या ताटाखाली. इथे खिडकीतून फक्त पांढरा शर्ट दिसत होता.

लेखीत वीस मुलं पास झाली. आमच्या अकरा कॉलेजांमध्ये साधारण याच्याच आसपास होतात. आपट्यांनी भुवई उंचावली, आणि आपट्यांच्या बाबतीत ही स्तुती असते.

मग ग्रुप डिस्कशन.

हा प्रकार न पाहिलेल्यांसाठी सांगते. शहरातल्या कॉलेजात ग्रुप डिस्कशन म्हणजे मंडईत भाव पडल्याची बातमी पसरल्यासारखं असतं. दहा जण गोलात बसतात, मी विषय सांगते आणि दहाही एकदम सुरू होतात. कारण सगळ्यांना क्लासमध्ये शिकवलेलं असतं, की पहिला बोलेल त्याला जास्त मार्क. आणि ते खरं असतं. माझ्या हातातल्या तक्त्यात पहिला रकाना 'पुढाकार', दुसरा 'आत्मविश्वास', तिसरा 'दुसऱ्याचा मुद्दा खोडून काढणं'. विषय छापील: कॉम्प्युटरमुळे नोकऱ्या वाढतात की कमी होतात. वेळ पंधरा मिनिटं. भाषा इंग्रजी.

पहिला गट बसला. मी विषय सांगितला. "स्टार्ट," म्हणाले.

कुणी बोलेना.

दहा सेकंद गेली. वीस गेली. दहाही मुलं हात मांडीवर ठेवून अत्यंत सभ्यपणे बसून होती. मी आपट्यांकडे पाहिलं. आपटे छताकडे. मी 'पुढाकार'च्या रकान्यात दहा शून्यं काढायला घेतली. एवढ्यात एक उंच मुलगा उभा राहिला.

"रिस्पेक्टेड सर अँड मॅडम," तो म्हणाला, "आय प्रपोज द नेम ऑफ मिस सुवर्णा फॉर द प्रेसिडेंट ऑफ टुडेज ग्रुप डिस्कशन."

दुसरा उठला. "आय हार्टिली सपोर्ट."

सुवर्णा नावाची मुलगी उठली, तिने आपली खुर्ची गोलातून उचलली, दोन पावलं मागे मांडली आणि सगळ्यांकडे तोंड करून बसली. मग एका मुलाला म्हणाली, तू लिही. त्याने वही उघडली, आत कार्बन पेपर घातला. माझ्या हातून पेन्सिल पडली.

पुढची चौदा मिनिटं आम्ही जे पाहिलं ते मी कुठल्याही कॅम्पसमध्ये पाहिलं नव्हतं. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा. अध्यक्ष नाव घेईल तेव्हा बोलायचं. एक जण बोलताना दुसरा हूं की चूं करत नव्हता. इंग्रजी अडखळत होतं, क्रियापदं वाटेल तिथे बसत होती, पण मुद्दा सुटत नव्हता. नवनाथ नावाचा एक मुलगा सगळ्यांच्या विरुद्ध बोलला. नोकऱ्या कमीच होतात म्हणाला, त्याच्या वडिलांचं टायपिंगचं दुकान बंद पडलं होतं. कुणी त्याला खोडलं नाही. सुवर्णाने त्याला आणखी एक मिनिट दिलं. मग त्याचं म्हणणं धरून ठरावात दुरुस्ती झाली: नोकऱ्या वाढतात, पण ज्यांच्या जातात त्यांना नवीन काम शिकवण्याची सोय आधी करावी. मतदान. आठ विरुद्ध एक. अध्यक्षांनी मत दिलं नाही. एकाने आभार मानले, त्यात आमचे, गुरुजींचे आणि "मदर अर्थ"चेही.

मग वही लिहिणारा मुलगा आमच्या टेबलाशी आला. कार्बनची प्रत आपट्यांपुढे ठेवली.

"सर, प्लीज साइन. रिसिव्हड."

तो पोच मागत होता. आपट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी वाद न घालता सही केली. तारीख घातली. मुलाने ती तपासली आणि "वेळ पण, सर," म्हणाला. आपट्यांनी वेळ घातली.

मुलं बाहेर गेल्यावर मी तक्त्याची बेरीज केली. पुढाकार शून्य. खोडून काढणं शून्य. दहाच्या दहा नापास. दुसरा गट बाहेर उभा होता, तोही हेच करणार हे उघड होतं. कंपनीच्या नियमाप्रमाणे ग्रुप डिस्कशनला ठरावीक मार्कांच्या खाली कुणालाही इंटरव्ह्यूला बोलावता येत नव्हतं. म्हणजे आम्ही जेवून दुपारी पुण्याला परत, आणि मार्चअखेर हॉलमध्ये मंगलाष्टकं.

"यांना हे कुणी शिकवलं?" आपट्यांनी विचारलं.

मी भाताची गोष्ट सांगितली. सगळी, खरीखुरी.

"वा," आपटे म्हणाले. "म्हणजे गणिताच्या पेपरला भूगोल सांगितलात, आणि पोरं भूगोलात पहिली आली."

मी आंब्याखाली गेले. गुरुजी उभे राहिले. मी त्यांना तक्ता दाखवला, मार्क दाखवले आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, की तक्ता माझ्याच हातात आहे. थोडे आकडे इकडचे तिकडे केले तर कुणाला कळणार नाही.

खरं सांगते, मला वाटलं होतं ते मान खाली घालतील आणि मी उदार चेहऱ्याने परत फिरेन. त्यांचं सगळं पणाला लागलं होतं. एक शाखा, वीस मुलं, गावागावांत दिलेला शब्द. हॉलच्या दारातून टेपवाली माणसं दिसत होती.

गुरुजींनी तक्ता मला परत दिला.

"बाई, मार्क वाढवायचे नाहीत," ते म्हणाले. "पोरांना कळतं ते. आज ना उद्या कळतं. पण पेपर सेट करणाऱ्याची चूक असली तर पेपर परत घेतात. आधी नियम सांगा, मग घ्या. त्यात पडली तर मी संपतला स्वतः किल्ल्या देईन."

एवढंच बोलून ते बसले.

मी त्यांना विचारलं, हे सभेचं काय प्रकरण आहे? तेव्हा कळलं, की दर शनिवारी शेवटचे दोन तास अख्ख्या कॉलेजात सभा असते. विषय खरा हवा. नळाला पाणी का नाही, मुलींची एसटी सुटते त्याचं काय. अध्यक्ष निवडायचा, विरोधकाचं पूर्ण ऐकायचं, ठराव करायचा, कोण करणार आणि कधी करणार ते लिहायचं, आणि पुढच्या शनिवारी त्याची हजेरी. मुलींनी ठराव करून शेवटचा तास अर्धा तास अलीकडे आणला होता. गुरुजींना तो गैरसोयीचा होता, तरी त्यांनी सही केली होती. "मी दहा वर्षं मुंबईत सभागृहात बसलो," ते म्हणाले. "तिथं एक गोष्ट कमी दिसली. ऐकणारा माणूस. म्हटलं, आपण तयार करू."

मी हे सगळं आपट्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी ती कार्बनची प्रत पुन्हा वाचून काढली.

"आपली सोमवारची मिटिंग," ते म्हणाले. "गेले तीन सोमवार आपण एका बगवर बोलतोय. निर्णय काय झाला?"

बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. हा बग आमच्या दोन टीमच्या मधोमध सापडला होता. दोन्ही टीम म्हणत होत्या, तो दुसऱ्या टीमचा. निर्णय काही झाला नव्हता. मिटिंगला चौदा जण असायचे, सगळे एकदम बोलायचे. सगळे माझ्या तक्त्यात पैकीच्या पैकी मार्क घेऊन आले होते.

"परत परीक्षा घेऊ," आपटे म्हणाले. "पण विषय माझा आणि तक्ताही माझा. माणसं मला लागणारेत."

त्यांनी माझा तक्ता उलटा केला आणि पाठीमागे पट्टी न वापरता तीन रकाने आखले. ऐकलं का. ठरवलं का. कोण करणार ते सांगितलं का. वीसही मुलांना आत बोलावून मी नियम वाचून दाखवले, मराठीत आणि इंग्रजीत, आणि या वेळी 'हो, तसंच' म्हणाले नाही. नवनाथने विचारलं, पहिल्या वेळचे मार्क धरणार का? नाही, मी म्हणाले, ती फेरी रद्द. त्याने ते लिहून घेतलं.

विषय असा: दोन टीमच्या कामात मधेच एक चूक सापडली आहे. कुणाची ते ठरत नाही. गिऱ्हाइकाला सोमवारी काम द्यायचं आहे. काय कराल?

पहिल्या गटाने बारा मिनिटं घेतली. चूक कुणाची यावर ते तीन मिनिटं बोलले आणि सुवर्णाने विषय थांबवला. म्हणाली, हे ठरलं तरी सोमवार टळत नाही. ठराव: एक, गिऱ्हाइकाला आजच फोन करून खरं सांगावं. दोन, दोन्ही टीममधून एकेक माणूस काढून एका टेबलावर बसवावा. तीन, चूक कुणाची हे काम गेल्यावर पाहावं. फोन कुणी करावा यावर नवनाथ म्हणाला, सगळ्यात मोठ्या साहेबांनी, कारण लहानाचं कुणी ऐकत नाही. मंजूर.

आपटे टेबलाखाली स्वतःच्या वहीत उतरवून घेत होते. मी पाहिलं.

दुसरा गट जवळपास तिथेच पोचला, फक्त त्यांनी उपाध्यक्षही निवडला. मग इंटरव्ह्यू झाले. त्यात काही सवलत नव्हती. प्रोग्रॅमिंग येत नव्हतं त्यांना आपट्यांनी सरळ परत पाठवलं. संध्याकाळी पाच वाजता माझ्या कागदावर नऊ नावं होती. अकरा कॉलेजांपैकी चार ठिकाणी आम्ही त्या वर्षी नवापेक्षा कमी घेतले होते.

इथे धंद्यातला धडा सांगायची पद्धत आहे, तर सांगून टाकते. परीक्षा कशी असते हे कुणाला समजावताना आधी जेवून घ्यावं. आणि तक्त्यात ज्या गोष्टीला रकाना नाही ती मुलांना येत नाही, असं धरून चालू नये. त्या सोमवारी आपट्यांनी परदेशात स्वतः फोन केला. गिऱ्हाईक ओरडलं, मग आठ दिवसांची मुदत दिली. बुधवारी बग गेला. तो कुणाचा होता हे मला आजतागायत ठाऊक नाही. महिन्याभरात आमच्या मिटिंगला अध्यक्ष आला. कॉलेज लिस्टमध्ये बारावं झालं, आणि मी तिथे राहिले तोवर बारावंच राहिलं. गुरुजी पुढे कुठलीच निवडणूक लढले नाहीत. दर जानेवारीत मात्र रिसेप्शनवर येऊन रजिस्टर तपासून जायचे.

पण मी त्या संध्याकाळवर येते, कारण तिथेच थांबायचं आहे.

सगळे हॉलमध्ये जमले. मुलं, मास्तर, आजूबाजूचे पालक, संस्थेचे विश्वस्त. टेपवाले दोघेही एका कोपऱ्यात उभे होते, निकाल ऐकायला. नावं मी वाचायची पद्धत असते. मी कागद गुरुजींच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं, आणि घोषणा वगैरे काही न करता हजेरी सुरू केली.

"सुवर्णा."

"हजर."

"नवनाथ."

तो बहुधा धरून चालला होता की आपण पडलो. त्याला "हजर" म्हणायला वेळ लागला. गुरुजी पेन उचलून थांबले. म्हणाल्याशिवाय खूण करायची नाही, हा त्यांचा नियम. मागून त्याचे वडील, टायपिंगवाले, हळूच म्हणाले, "अरे म्हण की." तो म्हणाला. अशी आठ नावं झाली. नवव्या नावाला गुरुजी मधेच खोकले. त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे रागाने पाहिलं, जणू तो धूळ उडवत होता, आणि नाव पुन्हा घेतलं.

"हजर."

गुरुजींनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चष्मा काढला. टाळ्या पडायच्या आधी असतो तसा एक क्षण होता. त्या शांततेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या संपतरावांच्या तोंडून, सगळ्या सभेला स्वच्छ ऐकू जाईल असं, निघून गेलं:

"पण तात्या, मी वैशाखातल्या दोन तारखा देऊन बसलोय."